काचेचे दोन गुण

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा शनिवार. सहामाही संपलेली, पुढचा धडा काढला असता तर पोरांनी मला खाल्लंच असतं. म्हणून आठवी-ब च्या ४२ जणांना वेगळाच पेपर दिला. वेइपिंग हू आणि फिलिप अ‍ॅडी या दोघांनी २००२ मध्ये माध्यमिक शाळेतल्या मुलांची वैज्ञानिक सर्जनशीलता मोजायला सात प्रश्नांची चाचणी काढली, तिचं मी केलेलं मोडकंतोडकं मराठी. गुरुत्वाकर्षण नसतं तर काय झालं असतं? दोन प्रकारच्या पेपर नॅपकिनांतला चांगला कुठला, कसं तपासाल? असलं सगळं. एकच बरोबर उत्तर नाही म्हटल्यावर पहिल्या बाकावरचे हुशार पार गळाठले. "मॅडम, किती ओळी लिहायच्या?"

खरी गंमत तपासताना. उत्तरं किती आणि किती प्रकारची, हे मोजता येतं. वेगळेपणाचे गुण मात्र बाकीच्यांकडे बघून द्यायचे: ५ टक्क्यांहून कमी मुलांना सुचलेल्या उत्तराला २, ५ ते १० टक्क्यांना सुचलं तर १, त्यापुढे भोपळा. म्हणजे माझ्या वर्गात दोघांनी लिहिलं तर २, तिघांनी लिहिलं की १, पाच जण झाले की संपलं. काचेच्या तुकड्याचे वैज्ञानिक उपयोग विचारले होते. खिडकीशी बसणाऱ्या एकाने लिहिलं, काचेवर पाण्याचा थेंब ठेवला की खालची मुंगी मोठी दिसते. झकास. पण गडी दिलदार, शेजारच्या दोघांना सांगून मोकळा. तिघांनाही एकेक. हात आडवा धरून बसला असता तर दोन मिळाले असते. (चिकूपणाला गुण देणारी ही काही पहिलीच परीक्षा नव्हे म्हणा.)

आणि एक पेपर, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय: 'भिंतीच्या चिरेवर आडवी काच चिकटवायची. काच तडकली तर समजायचं, चीर वाढते आहे.' ४२ जणांत हा एकटा. दोन गुण देऊन मी पेपर नवऱ्याला वाचून दाखवला, इतकी खूश.

सुट्टीनंतर त्याला गाठलं. "कसं रे सुचलं?"

"सुचलं नाही मॅडम, बघितलं. आमच्या बिल्डिंगला इंजिनियरने लावल्यात."

हा राहतो ठाण्यात कोपरीला, जुन्या इमारतीत. ३० वर्षं उलटलेल्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, करावंच लागतं, तसं त्यांचं झालेलं. वर्गात अशा बिल्डिंगांतली आणखी चार पोरं असती आणि त्यांनीही तेच लिहिलं असतं, तर याला शून्य. घोडबंदरच्या नव्या टॉवरांतल्या वर्गात बसवलं तर पुन्हा दोन. उत्तर तेच, मुलगा तोच.

"सगळ्या काचा नीट आहेत ना?"

"जिन्यातली तडकली." मग जीभ चावत म्हणाला, "त्यावर तारीखपण लिहितात, मॅडम. ते पेपरात लिहायचं राहिलं."