ओठाच्या कोपऱ्यातली खपली

बाजाराच्या दिवशी आमच्या ओपीडीत मान वर करायला सवड नसते. निम्मे पेशंट नायट्याचे, तेही मेडिकलवाल्यानं दिलेली स्टिरॉइडची ट्यूब फासून आलेले. त्यावर बोलायला लागले तर दिवस जाईल.

त्या गर्दीत हे १४ महिन्यांचं बाळ आलं. इसबासाठी माझ्याकडेच येणारं. बापाच्या नडग्यांवर माशासारखे खवले, तळहातांवर रेघांचं जाळं. फिलॅग्रिन हे प्रथिन कमी पडलं की कातडीचं कुंपण विरळ होतं, म्हणून इसब आणि खवले बरेचदा एकाच घरात नांदतात. पहिल्या भेटीत हे मी ऐटीत समजावलं होतं.

आता गालभर पुळ्या, ताप, दूध तोडलेलं. गावातल्या डॉक्टरांनी ‘इसब पिकलंय’ म्हणून चार दिवस अँटिबायोटिक दिलेलं. मीही तेच लिहायला पेन उचललं होतं. तेवढ्यात बाळानं खिडकीकडे मान वळवली. सगळ्या पुळ्या एका मापाच्या, मध्ये खळगा. फुटल्या तिथं पंचनं पाडावीत तशी गोल भोकं. पिकलेलं इसब इतकं शिस्तीत नसतं.

एक ताजी पुळी फोडली, तिचा तळ ब्लेडच्या बोथट बाजूनं हलकेच खरवडला. रक्त आलं तर स्लाइड वाया जाते. काचेवर पसरून वाळवलं, गिम्साचा रंग दिला. सूक्ष्मदर्शकाखाली अगडबंब पेशी, एकेकीत आठ-दहा केंद्रकं, डाळिंबाच्या दाण्यांसारखी एकमेकांना दाबून बसलेली. हर्पीस, ओठावर पुळ्या उठवणारा विषाणू.

“घरात कुणाच्या ओठावर पुळ्या उठल्या होत्या का?”

“मलाच की ओ बाई,” आजी म्हणाली. “उष्णता झाली म्हणून तूप लावत होते.” खपली अजून ओठाच्या कोपऱ्यात होती. सुनेनं तिच्याकडे बघितलं नाही.

जिल्ह्याला फोन लावला. ड्यूटीवरचा पोरगा म्हणे, “कांजिण्या ना मॅडम?” इसबावर अशा कांजिण्यांसारख्या पुळ्या उठतात, हे कपोसी नावाच्या त्वचारोगतज्ज्ञानं १८८७ सालीच लिहून ठेवलंय रे बाबा! हर्पीसवरचं औषध, असायक्लोव्हिर, शिरेतून लगेच सुरू कर, आणि पुळ्या पापणीपर्यंत आल्यात, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव. दोनदा सांगावं लागलं.

इसबाच्या पेशंटना द्यायचा सूचनांचा कागद माझ्याच हातचा आहे. साबण, खोबरेल, नखं, लोकरीचं टोपडंसुद्धा आहे त्यात. ओठावरच्या पुळ्यांबद्दल एक अक्षर नव्हतं.

दहा दिवसांनी बाळ आलं, गालांवर नुसते गुलाबी डाग. आजी बाहेरच्या बाकावर, तोंडाला पदर लावून. ओठ स्वच्छ होता. “घ्या की आता त्याला,” मी म्हटलं. त्यानं हात पसरले होते.

“नको बाई,” म्हणाली, आणि बाकावर आणखी पलीकडे सरकली.