पोट पर्यटनावर, मग विरोध कशाला?

मुंबईहून आलेली पाहुणेमंडळी जेवता जेवता हमखास विचारतात, ‘‘गावाचं पोट पर्यटनावर, आणि ग्रामसभेत हॉटेलांच्या विरोधात उठणारे तुम्हीच. असं कसं?’’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आम्ही गोव्यातल्या पेडण्याच्या किनारपट्टीवरचे. दोन खोल्या आम्हीही भाड्याने देतो, त्यामुळे पावण्याशी भांडण नाहीच. 1987 साली दाबोळी विमानतळावर उतरलेल्या जर्मन पर्यटकांवर ‘जागृत गोंयकारांची फौज’ या पर्यटनविरोधी संघटनेवाल्यांनी शेण फेकलं, ते मला आजही पटत नाही. पण जमीन आणि पाणी कुणासाठी, हा त्यांचा प्रश्न काही जुना झालेला नाही.

किनाऱ्यावरची वाळूची टेकडी म्हणजे नुसता ढीग नव्हे. मर्यादवेल तिची वाळू धरून ठेवते. पावसाचं गोडं पाणी तिच्यात मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्याला वर येऊ देत नाही. जेसीबी लावून ती सपाट केली, शेजारी बोअर मारून तरणतलाव भरला, की खारं पाणी विहिरीकडे सरकतं. हे आधी स्वयंपाकघरात कळतं. डाळ शिजता शिजत नाही, चहाला वेगळीच चव येते. मोरजीला अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांची तर आणखी तऱ्हा. पिल्लं उजेडाकडे धावतात, आणि आता समुद्रापेक्षा दिवे जास्त उजळ.

1991 च्या सीआरझेड म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने गावाकडच्या किनाऱ्यांवर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद केलं. 2019 मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी ते अंतर 50 मीटरांवर आणलं. म्हणजे आमचं अर्धं काम टेप धरून उभं राहण्याचं, उरलेलं माहिती अधिकाराच्या अर्जांचं. रविवारच्या ग्रामसभेत ‘बोलून झालं ना, बसा’ म्हणतात. बसायचं नाही. आपला मुद्दा इतिवृत्तात उतरला की नाही, हे वाचून घ्यायचं. कंटाळवाणं आहे खरं, पण 2007 च्या जानेवारीत गोवा सरकारला प्रादेशिक आराखडा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा आराखडा, रद्द करावा लागला, तो असल्याच चिवट लोकांमुळे.

आता पोटाचं. आमच्या खोल्यांनाही पाणी त्याच विहिरीचं. मे महिन्यात टँकर मागवावा लागला, की भाड्यातलं बरंचसं त्यातच जातं.