कोकणकड्याचा पॅनोरमा: कुठे उभं राहायचं, किती फिरवायचं

हरिश्चंद्रगडावर गेलेले बहुतेक जण कोकणकड्याच्या बरोबर मधोमध ट्रायपॉड लावतात. पॅनोरमासाठी, म्हणजे कॅमेरा फिरवत घेतलेल्या अनेक फ्रेम जोडून केलेल्या रुंद चित्रासाठी, ती जागा सगळ्यात वाईट. तिथून पायाखालची भिंत दिसतच नाही, आणि घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कड्याची दोन टोकं फोटोत दोन वेगळे डोंगर असल्यासारखी येतात. कड्याचा आत गेलेला बाक दाखवायचा तर एका टोकाकडे सरका आणि समोरची भिंत तिरकी घ्या. 180 अंशांचा हट्ट सोडला की साधारण 120 अंशांत काम भागतं.

कड्याचं तोंड पश्चिमेला. त्यामुळे सकाळी भिंत सावलीत आणि दरी उजेडात असते. भिंतीचे थर उठून दिसायला दुपार कलावी लागते. सूर्य फ्रेमच्या आत यायच्या आधीचा तासभर उत्तम. सकाळी दरीत ढग असताना इंद्रवज्र (ढगांवर उमटणारं गोल इंद्रधनुष्य) दिसलंच, तर पॅनोरमाचा नाद सोडून सरळ एकेक फ्रेम घेत सुटा. ते तुमच्यासाठी थांबत नाही.

फुल-फ्रेम (36×24 मिमी सेन्सरचा) कॅमेरा उभा धरून 35 मिमी लेन्स लावली की आडवा कोन सुमारे 38 अंश मिळतो. दर फ्रेमला 25 अंश फिरवा, म्हणजे शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींवर साधारण एक तृतीयांश चढतात. अशा पाच फ्रेममध्ये 138 अंश येतात, चित्राच्या बाजू कापायला दोन्हीकडे जागा उरते. पण एका ओळीत भिंतीचा तळ येत नाही. दुसरी ओळ कॅमेरा 30 अंश खाली झुकवून घ्यायची. एकूण दहा फ्रेम. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर असेल तर 23-24 मिमी लेन्स हाच कोन देते.

आता खरी डोकेदुखी. कड्याच्या काठावर दोन मीटरवर खडक आणि मागे काही किलोमीटरवर कोकण, म्हणजे पॅरॅलॅक्सला (लेन्सची जागा बदलली की जवळची वस्तू दूरच्या दृश्यावर सरकण्याला) आमंत्रणच. कॅमेरा नुसता ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरवला तर जवळचा खडक प्रत्येक फ्रेममध्ये मागच्या दृश्यावर सरकतो, आणि जोडताना त्याचे तुकडे पडतात किंवा तो दोनदा उमटतो. फिरण्याचा अक्ष लेन्सच्या प्रवेश-छिद्रातून (समोरून पाहिल्यावर लेन्सच्या आत दिसणाऱ्या छिद्रातून) जायला हवा. हे घरीच जुळवून ठेवा: जवळ एक उभी काठी आणि दूर एक खांब एका रेषेत आणा, कॅमेरा उजवीकडे वळवा. काठी खांबाच्या डावीकडे सरकली तर स्लाइडवर (कॅमेरा पुढे-मागे सरकवायच्या पट्टीवर) कॅमेरा मागे घ्या, उजवीकडे सरकली तर पुढे. काठी हलेनाशी झाली की स्लाइडवरचा आकडा लेन्सच्या झाकणावर लिहून ठेवा. झूम असेल तर हा आकडा त्या एकाच फोकल लेंग्थपुरता. दोन ओळींसाठी साधी स्लाइड पुरत नाही, दोन अक्षांचं पॅनो हेड, म्हणजे आडवं आणि उभं दोन्ही फिरवताना तोच बिंदू जागेवर ठेवणारं ट्रायपॉडचं डोकं, लागतं. ते नसेल तर काठावरचा खडक फ्रेमबाहेर ठेवा. लांबची भिंत आणि दरी हातात धरूनही नीट जुळते.

बॉलहेडची (गोळ्यावर कुठेही वळणाऱ्या ट्रायपॉडच्या डोक्याची) एक खोड: कॅमेरा सरळ केला तरी खालचं फिरणारं चाक पायांच्या उतारावरच फिरतं, आणि क्षितिज लाटेसारखं येतं. बॉलच्या खाली लेव्हलिंग बेस (फिरणारं चाक समपातळीत आणणारी बैठक) बसवा, किंवा बॉलच्या वर फिरणारा क्लॅम्प.

एक्स्पोजर मॅन्युअल: आयएसओ 100, एफ/8, शटर आकाशाच्या सर्वांत उजळ भागावरून ठरवून सगळ्या फ्रेमना तेच. व्हाइट बॅलन्स 5200 केल्विनवर पक्का. फोकस पाच मीटरच्या थोडं पलीकडे लावून ऑटोफोकस बंद. अडीच-तीन मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पोलरायझर फिल्टर काढाच. सूर्यापासून 90 अंशांवरचं आकाश तो जास्त गडद करतो, रुंद चित्रात निळा डाग पडतो.

दरीतून वर येणारा वारा ट्रायपॉड थरथरवतो. मधल्या दांड्याला बॅग टांगा, पण तिचा तळ जमिनीला टेकू द्या, नाहीतर ती लंबकासारखी झुलते. दांडा वर काढू नका. आणि काठ खालून पोकळ आहे, तेव्हा ट्रायपॉड मागेच बरा.

फ्रेम जोडायला हगिन (Hugin) हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. 120 अंशांना सिलिंड्रिकल प्रोजेक्शन (दृश्य नळकांड्यावर गुंडाळून सपाट करायची पद्धत) निवडा. सरळ रेषा सरळच ठेवणाऱ्या रेक्टिलिनियरमध्ये कडेचे डोंगर ताणले जातात. ढग सरकत असतील तर जोडरेषा मास्क वापरून खडकावरून न्या. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून, बाजू कापण्याआधी, साधारण 14,000 पिक्सेल रुंदीचं चित्र मिळतं, 300 डीपीआयला जवळजवळ चार फूट.