आमची वाटचाल : काजूच्या पाकिटात सेज कसा आला

डिचोलीतलं आमचं काजू भाजायचं युनिट वडिलांनी सुरू केलेलं. साधे, खारे आणि मिरीचे काजू, ठरलेले दुकानदार, आणि पर्यटकांचा हंगाम सरला की पडून राहणारा माल. गोव्यात काजूची दुकानं पावलोपावली आहेत, त्यामुळे स्पर्धेची सवय होतीच. खरी डोकेदुखी पावसाळ्याची. काजूगरात ४५ टक्क्यांच्या आसपास तेल असतं. पाकिटाचं सील जरा सैल राहिलं की दमट हवा आत शिरते, गर मऊ पडतो आणि हळूहळू खवट लागायला लागतो. दुकानदार माल परत करतो, आणि तो तोटा सोसायचा आपणच.

सेज या सुगंधी पाल्याशी ओळख झाली ती मोरजीच्या एका रेस्टॉरंटमुळे. तिथल्या शेफला लोण्यात परतलेल्या सेजच्या पानांची चव असलेले काजू हवे होते. नमुन्याला दिलेली पानं राखाडी-हिरवी, मखमलीसारखी लवदार. सोलणीवरच्या मावशींनी एक चुरडून नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "दादा, ही तर कापूर तुळशीची बहीण!" फारशा चुकल्या नाहीत. सेज तुळशीच्याच कुळातला आणि त्याच्या सुगंधी तेलात कापूर असतोच. सोबत थुजोन हे आणखी एक सुगंधी द्रव्य आणि निलगिरीच्या झाडात असतं ते सिनिओल.

झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचं. आमच्या पावसात त्याची मुळं कुजतात, म्हणून वाळलेला पाला आम्ही तामिळनाडूतल्या निलगिरी डोंगरांतून मागवतो.

ऑर्डर छोटीच होती. पण त्या घाण्यातले उरलेले काजू साध्या काजूंपेक्षा जास्त दिवस चांगले राहिले, हे आधी मावशींच्या जिभेला कळलं. मग दोन्ही प्रकार सारख्याच पाकिटांत ठेवून प्रयोगशाळेत पेरॉक्साइड व्हॅल्यू काढून घेतली. तेल किती बिघडायला लागलंय ते या आकड्यावरून समजतं. अहवाल मावशींच्या बाजूने आला.

कारण वाचत गेलो तेव्हा मजा वाटली. तेल हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतं ते साखळीने : एक बिघडलेला रेणू शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला. सेजमधलं कार्नोसिक आम्ल आपला हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतं. त्यात ते स्वतः खर्च होतं, पण त्यातून तयार होणारं कार्नोसोलही तेच काम पुढे चालवतं. हे आम्ल तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. सेजमधल्याच रोझमॅरिनिक आम्लाचं उलट, ते पाण्यात उतरतं, म्हणून सेजच्या काढ्यात मिळतं. काजूला काढा शिंपडून उपयोग नाही. पाला कोमट तेलात मुरवून, गाळून, त्या तेलाचा हलका हात द्यावा लागतो. आणि कार्नोसिक आम्ल वाफेबरोबर उडत नाही. त्यामुळे वाफेवर काढलेल्या, बाटलीतल्या सुगंधी सेज तेलात वास भरपूर असतो, पण हा गुण नसतो. सुगंधी तेल विकणारे हे सांगत नाहीत.

जंतूंच्या बाबतीत मी जास्त सावध आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत सेजचा अर्क स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे बाहेरचं जादा आवरण नसलेल्या, जिवाणूंना बऱ्यापैकी रोखतो. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्हना बाहेरून आणखी एक आवरण असतं, तिथे त्याचा जोर कमी पडतो. शिवाय खऱ्या पदार्थातली चरबी आणि प्रथिनं यातलं बरंच शोषून घेतात. म्हणून सेज आहे म्हणून आम्ही भाजणीत ढिलाई करत नाही. ओलावा ५ टक्क्यांच्या खाली, हात स्वच्छ, पाकीट हवाबंद. बुरशीला अडवतो तो कोरडेपणा. एका वितरकाने पाकिटावर 'रोगप्रतिकारक' छापायचा आग्रह धरला होता. काजूचं तेल टिकतं याचा अर्थ खाणाऱ्याचं आयुष्य वाढतं असा होत नाही, हे त्यांना पटलं नाही. त्यांनी माल घेतला नाही, आम्हीही मग पाठपुरावा सोडला.

सेजचं तेल प्यायला मिळेल का, असंही लोक विचारतात. नाही. थुजोन जास्त पोटात गेलं तर झटके येऊ शकतात; गरोदर बाईने तर त्या वाटेला जाऊच नये. जेवणातल्या दोन-चार पानांची गोष्ट वेगळी.

आता निम्मा माल रोझमेरी या दुसऱ्या सुगंधी पाल्यावर करतो. २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिलाही सेजच्याच साल्व्हिया प्रजातीत टाकलं. तिच्यातही कार्नोसिक आम्ल असतं, आणि युरोपात तिच्या अर्काला ई ३९२ या क्रमांकाने खाद्यपदार्थांत मान्यता आहे. चव मात्र सेजची खोल. मिरीबरोबर तर काय लागते!

२०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून गिऱ्हाईक काजू कुठला हे आधी विचारतं, मग चवीकडे वळतं. मावशींचं लक्ष सध्या जवसाच्या चटणीवर आहे. जवसाचं तेल काजूपेक्षा कितीतरी लवकर बिघडतं, त्यामुळे तिथे या पाल्याची खरी परीक्षा आहे. पहिले डबे भरून कपाटात ठेवलेत. त्यांचा अहवाल आल्याशिवाय चटणी दुकानात जाणार नाही.