एकच शिपाई उरलेली तुकडी

सोंगट्या पुठ्ठ्यातून सुट्या केल्या की तो युद्धखेळ आमचं दुकान परत घेत नाही. नियम रास्त आहे. हजारभर सोंगट्यांतली एक जरी हरवली असली, तरी पुढच्या गिऱ्हाइकाचा डाव अडतो. पण त्या शनिवारी काउंटरवर आलेला खोका परत घ्यायलाच हवा, असं मला मनापासून वाटत होतं. चूक घेणाऱ्याची नव्हती, देणाऱ्यांची होती.

दुकान न्यू जर्सीत, एडिसनजवळ. खोका घेऊन आलेल्या ताई मराठी. सोबत त्यांची अकरा वर्षांची मुलगी आणि सासरे. काका माणगाव तालुक्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ७४, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. बाहेर बर्फ, सकाळी नऊपासून नात शाळेतून येईपर्यंत घरात एकटे. ताईंनी आधीच्या आठवड्यात विचारलं होतं, की बाबांचे वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर इटलीत होते, बाबांना इतिहासाचं वेड आहे, तर एखादा युद्धाचा खेळ आहे का? माझ्या सहकाऱ्यानं ‘इटली’ हा एवढाच शब्द पकडला आणि इटलीच्या मोहिमेवरचा सगळ्यात मोठा खोका काढून दिला. त्याचा अभ्यास दांडगा आहे, मी त्याच्याकडूनच शिकले. पण समोरचा माणूस नवशिका आहे, हे त्याला दिसतच नाही.

विषयावरून खेळ निवडणं ही आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. लोक विचारतात, ‘पानिपतावर आहे का, स्टालिनग्राडवर आहे का?’ विचारायला हवं ते वेगळंच. डोळे कसे आहेत, बोटं कशी आहेत, समोर कोण बसणार आणि टेबल किती वेळ मांडून ठेवता येणार? वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हे चार प्रश्न युद्धाच्या आधी येतात.

मी काकांना मागच्या टेबलाशी बसवलं आणि त्यांचाच खोका त्यांच्यापुढे उघडला. नियम कळले नाहीत, असं ताईंचं म्हणणं होतं. दोन मिनिटांत लक्षात आलं, की नियमांपर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती. त्या खेळातली सोंगटी अर्धा इंच चौरस, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेवढ्या जागेत एक चिन्ह, तीन आकडे आणि तुकडीचं नाव. एकेका घरात अशा तीन-चार सोंगट्यांची चवड. काका खालची सोंगटी बघायला गेले की वरची कलंडायची, शेजारची सरकायची आणि कोणती कुठे होती ते मग कोणालाच सांगता यायचं नाही. त्यांच्या उजव्या हाताला किंचित कंप आहे. तिसऱ्यांदा चवड पडली तेव्हा त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “हे लहान मुलांच्या बोटांचं काम आहे, पोरी.” नियमांचं पुस्तक चाळीसेक पानांचं, अक्षर औषधाच्या पाकिटावर असतं तसं. हे बघून मला राग आला. इतक्या खर्चात छापलेल्या वस्तूंवर दोन पॉइंट मोठं अक्षर घ्यायला कोणाची हरकत असते?

मालकांशी बोलून खोका परत घेतला. आता प्रश्न होता द्यायचं काय.

‘रिस्क’ सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून सगळे तोच मागतात. पण त्यात इतिहास नाही, फक्त जगाचा नकाशा आहे आणि लवकर बाद झालेला माणूस तासभर नुसता बसून राहतो. ‘कमांड्स अँड कलर्स : एन्शंट्स’ हातात घ्यायला सुरेख, लाकडी ठोकळे जाड, बोटांना सोपे. पण पहिल्या डावाआधी तीनशेहून जास्त ठोकळ्यांना दोन्ही बाजूंनी स्टिकर चिकटवावे लागतात. घरात कोणी ते काम अंगावर घेणार असेल तरच तो द्यावा. ‘अनडॉन्टेड : नॉर्मंडी’चे नियम सोपे आहेत, पण पत्ते सारखे पिसावे लागतात, आणि कापऱ्या हाताला पत्ते पिसणं सोंगट्या उचलण्याइतकंच जड. संगणकावरचे खेळ हवे असतील तर पाळीपाळीनं चालणारेच बघावेत. ‘पँझर कोअर’ घाई करत नाही. घड्याळ थांबत नाही ते खेळ वयस्कर माणसाला देऊच नयेत, माऊस नेमका टेकवण्यातच लढाई हरते.

काकांना खरं म्हणजे दोन खेळ हवे होते, एक सकाळच्या एकटेपणासाठी आणि एक नात घरी आल्यावर.

सकाळसाठी मी ‘बॅटल फॉर मॉस्को’ सुचवला. फ्रँक चॅडविक यांनी १९८६ मध्ये नवशिक्यांसाठीच केलेला. सुमारे चाळीस सोंगट्या, सात खेळ्या, चार-पाच पानांचे नियम. विषय १९४१ ची हिवाळ्याच्या तोंडावरची मॉस्कोवरची चढाई. यात काही लपवाछपवी नाही, सगळं पटावर उघडं असतं. म्हणून एकटा माणूस दोन्ही बाजू प्रामाणिकपणे खेळू शकतो. हातात पत्ते लपवायचे असतात त्या खेळांत हे नीट जमत नाही. नकाशा प्रिंटरवर दीडपट मोठा काढता येतो. सोंगट्याही तेवढ्याच मोठ्या काढून दोन मिलिमीटर जाड पुठ्ठ्यावर चिकटवायच्या आणि चारही कोपरे नेलकटरनं किंचित उडवायचे. कोपरे अडकत नाहीत, सोंगटी सहज उचलली जाते. चकाकणारा कागद घेऊ नका, दिव्याची तिरीप नेमकी आकड्यावर पडते.

नियमांतली एकच गोष्ट नवशिक्याला अडते. जर्मन बाजूचे रणगाडे आधी हलतात, मग हल्ला होतो आणि मग सगळं सैन्य हलतं. हल्ल्याच्या आधी आणि नंतर अशी चाल दोनदा आहे आणि पहिल्या चालीत पायदळ जागचं हलत नाही. हा क्रम मोठ्या अक्षरात लिहून पटाशेजारी ठेवला नाही, तर पहिल्या तीन खेळ्या चुकतातच. शत्रूच्या सोंगटीला लागून असलेल्या घरात पाऊल टाकलं की तिथंच थांबायचं, हे मात्र काकांना एकदा सांगून पुरलं. बलाबलाचं गणितही तसंच. सतरा विरुद्ध सहा म्हणजे दोनास एक, उरलेलं बचावणाऱ्याच्या पदरात. तरुण गिऱ्हाइकं इथं फोन काढतात. काकांनी मला आकडा पुरता सांगू दिला नाही. आयुष्यभर पोरांकडून पाढे घोकून घेतलेला माणूस तो.

संध्याकाळसाठी ‘मेमॉयर ४४’ काढला. रिचर्ड बोर्ग यांचा, २००४ चा. या दुकानात मी सगळ्यात जास्त वेळा मांडलेला खेळ हाच असेल, आणि तो नीट मांडण्याचा मला अभिमान आहे. तेरा बाय नऊ घरांचा पट, प्लास्टिकचे शिपाई. पायदळाच्या तुकडीत ४ शिपाई, रणगाड्यांच्या तुकडीत ३, तोफखान्यात २. हिशोब लिहायचा नाही. मार लागला की एक शिपाई उचलायचा. पट डावा, मधला आणि उजवा अशा तीन विभागांत वाटलेला, आणि ज्या विभागाचा पत्ता हातात असेल तिथलंच सैन्य हलतं. पायदळ शेजारच्या शत्रूवर ३ फासे टाकतं, एक घर लांबच्यावर २, त्याहून एक घर लांब १. फाशाच्या सहा बाजूंपैकी दोनांवर शिपाई, एकीवर रणगाडा, एकीवर हातबॉम्ब, एकीवर निशाण, एकीवर तारा. पायदळावर नेम धरला तर शिपाई आणि हातबॉम्ब लागू, म्हणजे निम्मे फासे कामाचे. रणगाड्यावर एक तृतीयांशच. निशाण पडलं की शत्रू एक घर मागे.

वयस्कर डोळ्यांना यात अडचण एकच, पण खरी आहे. एका बाजूचे शिपाई गडद हिरवे, दुसऱ्या बाजूचे निळसर करडे. वयानं डोळ्यातलं भिंग पिवळट झालेलं असलं की निळा रंग मंदावतो आणि संध्याकाळच्या दिव्यात दोन्ही सारखेच वाटू लागतात. उपाय नेलपॉलिशचा: करड्या शिपायांच्या पायाखालच्या चकतीवर लाल ठिपका. पत्ते हातात धरायचे नाहीत, अक्षरखेळात असते तशी लाकडी पट्टी मिळते, तीत उभे करायचे. शिपाई, काटेरी कुंपणं, वाळूच्या पोत्यांचे तुकडे हे सगळं एकाच पिशवीत कोंबून ठेवलं, तर मांडणीतच पाऊण तास जातो आणि माणूस खेळायच्या आधी थकतो. ताईंना मी म्हटलं, मिसळणाचा डबा रिकामा करा, सात वाट्या नेमक्या पुरतात. आणि मांडणी आदल्या रात्री तुम्ही करून ठेवा.

पहिला प्रसंग पेगासस पुलाचा. ६ जून १९४४ च्या मध्यरात्रीनंतर ब्रिटिश सैनिक ग्लायडरमधून फ्रान्समधल्या कां (Caen) शहराच्या कालव्यापाशी उतरले आणि झोपेतल्या पहाऱ्यावर तुटून पडले. म्हणून मित्रराष्ट्रांच्या हाती ६ पत्ते, जर्मनांच्या हाती फक्त २. आधी ४ पदकं, म्हणजे विजयाचे गुण, मिळवील तो जिंकला. नातीनं जर्मन बाजू घेतली, कारण काकांनी ती घ्यायला शांतपणे नकार दिला. मॉस्कोच्या खेळात एकट्यानं दोन्ही बाजू हलवाव्या लागतील, हे मला तेव्हा आठवलं. कोणती बाजू घ्यायला मन तयार नाही, हा पाचवा प्रश्न मी आजवर कोणालाच विचारला नव्हता. काका म्हणाले, “ते नकाशावरचं आहे, इथं माणसं आहेत.” आणि त्यांनी हिरवा शिपाई उचलून दाखवला.

मध्यंतरी काकांच्या हातात डाव्या विभागाचा पत्ता नव्हता, आणि तिथली तुकडी दोन खेळ्या नुसती उभी राहिली. बरेच जण इथं वैतागतात. ते म्हणाले, “निरोप पोचला नाही.” पुढे पुलाजवळ नातीचे फासे चांगले पडले आणि काकांच्या चार शिपायांच्या तुकडीत एकच उरला. त्यांनी विचारलं, “आता हा एकटा किती फासे टाकणार?”

तीनच, पूर्ण. तुकडीत चार असोत की एक, फासे कमी होत नाहीत. या नियमावर प्रत्येक नवा माणूस हरकत घेतो, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. म्हणून मी नेहमीप्रमाणे म्हटलं, “काका, हे खरं नाही. मोजदाद सोपी राहावी म्हणून केलेली तडजोड आहे.”

काका काही बोलले नाहीत. मग त्यांनी नातीला विचारलं, माणगावला तहसील कचेरीपाशी पुतळा दाखवला होता तो आठवतो का. तिला आठवत होता. नाईक यशवंत घाडगे, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटलीत, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, सगळे ठार किंवा जखमी झाले, धडधाकट उरले ते एकटे. ते तसेच धावले. हातबॉम्बनं गन आणि ती चालवणारा गेला, पुढचा एक गोळीनं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांची गोळी लागून ते पडले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. काकांनी हे वर्गात शिकवावं तसं सांगितलं, आवाज न चढवता, आणि मग तीन फासे टाकले. एक शिपाई, एक तारा, एक निशाण. नातीचा एक शिपाई गेला आणि तिची तुकडी एक घर मागे सरली.

दोन्ही खेळ ते घेऊन गेले. इटलीचा खोका अजून मागच्या खोलीत आहे, सोंगट्या मी मोजल्या, पूर्ण भरल्या.

तो नियम सोयीसाठीच आहे, हे मला आजही ठाऊक आहे. चारांपैकी तीन पडल्यावर बहुतेक तुकड्या मोडतात, मागे फिरतात, हेही खरंच आहे. पण परवा एका मुलानं तीच हरकत घेतली तेव्हा ‘हे खरं नाही’ हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी नुसतं म्हटलं, तीन फासे. तो म्हणाला, का? मी पुढच्या तुकडीकडे वळले.