चौथा बॉल

५ जून २०२५, गुरुवार

ओक्लाहोमा सिटी, डेव्हन पार्क. अमेरिकेतल्या कॉलेज मुलींच्या सॉफ्टबॉलची मोठी स्पर्धा, विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज; तिच्या तीन सामन्यांच्या अंतिम फेरीचा पहिला सामना. टेक्सास टेक १-० ने पुढे, सहावी इनिंग, टेक्सासच्या रनर दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, पहिला बेस मोकळा, बॅटिंगला रीस अॅटवूड. तिला मुद्दाम चार बॉल (म्हणजे मारता येणार नाहीत असे बाहेरचे चेंडू) देऊन पहिल्या बेसवर पाठवायचं, हा निर्णय माझ्या मते बरोबरच होता. पण टेक्सास टेकची पिचर (चेंडू टाकणारी) निजॅरी कॅनडी हिच्या हातून सुटलेला बॉल बॅटच्या टप्प्यात आला. अॅटवूडने तो सोडला नाही. दोन रन, सामना टेक्साससाठी २-१.

मुद्दाम टाकलेला बॉल सोपा दिसतो, म्हणूनच त्याचा सराव कुणी करत नाही. विंडमिलमध्ये, म्हणजे हात गोल फिरवून खालून टाकताना, बॉल मांडीजवळ सुटतो आणि तो क्षण पूर्ण वेगावर बसलेला असतो. ४३ फुटांवरून ताशी ११० किलोमीटरने फेकणारा हात एकदम अर्ध्या जोराने फिरवला की मनगट लवकर किंवा उशिरा उलटतं आणि बॉल भरकटतो. आत आला तर बॅटला मिळतो. फार बाहेर गेला तर कॅचरच्या मागे, आणि तिसऱ्या बेसवरची रनर सरळ होमवर.

जोर थोडाच कमी करावा, पण हाताची फिरकी आणि स्टेप नेहमीचीच ठेवावी. नेम होम प्लेटच्या बाजूचा नको, बॅटरच्या समोरच्या बाजूच्या रिकाम्या बॅटर्स बॉक्सच्या (बॅटर उभी राहते त्या चौकोनाच्या) बाहेरच्या रेषेचा हवा, खांद्याच्या उंचीवर. प्लेटपासून ती रेषा साडेतीन फुटांवर असते: सहा इंच मोकळी जागा, तीन फूट बॉक्स. ३४ इंची बॅट आणि पसरलेले हात इथपर्यंत पोचत नाहीत असं गृहीत धरू नये. वाकून मारणाऱ्या मुली असतात, म्हणून रेषेच्या आत नेम धरणं चूकच. कॅचरने हात लांब करून ग्लोव्ह तिथेच दाखवावा, बॉल सुटल्यावरच पाय बाहेर टाकावा. आपल्या विद्यापीठ संघांनीही प्रत्येक सरावाच्या शेवटी, पिचर दमलेली असताना, असे पाच-सहा बॉल टाकून घ्यावेत. दमलेला हातच सामन्यात फसतो.

७ जून, शनिवार

तिसरा, निर्णायक सामना टेक्सासने १०-४ ने जिंकला, त्यांचं पहिलंच विजेतेपद. २०२२ आणि २०२४ मध्ये ते अंतिम फेरीत ओक्लाहोमाकडून हरले होते.

टेक्सास टेकचा या स्पर्धेतला प्रत्येक बॉल तोपर्यंत कॅनडीनेच टाकला होता. काल पहिल्याच इनिंगमध्ये तिच्यावर पाच रन झाले आणि तिला बाहेर घ्यावं लागलं. एवढ्या कमी दिवसांत तोच हात, तेच बॅटर. तिसऱ्या सामन्यापर्यंत त्यांना तिचा राइज बॉल कुठून वर चढतो हे पाठ झालेलं असतं. वर जाणारा बॉल त्या सोडतात आणि खाली येणाऱ्याची वाट बघतात. थकव्याने वेग थोडा जरी उतरला तरी राइज बॉल सपाट येतो, तोही कमरेच्या उंचीवर.

दुसरी पिचर निदान दोन-तीन इनिंगांपुरती आधीच्या सामन्यांतच वापरायला हवी होती.