तुम्ही विचारलेत म्हणून: समुद्र आम्ही शेवटी पाहिला

निवृत्तीनंतर आम्ही दोघे न्यू जर्सी सोडून स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील कादिझ या शहरात राहायला आलो आणि येथे मोटार घेतली नाही, हे कळल्यापासून तिथल्या एडिसन गावातली मित्रमंडळी आणि पुण्याचे नातेवाईक यांच्याकडून एकच प्रश्न येतो: जगात समुद्रकाठची इतकी गावे असताना हेच कसे निवडले, आणि मोटारीवाचून अडत नाही का? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. गाव निवडताना आम्ही समुद्र सर्वांत शेवटी पाहिला.

मोटार नको, हा तत्त्वाचा हट्ट नव्हता. अमेरिकेच्या उपनगरात दुधाची पिशवी आणायलाही मोटार लागते, आणि नजर अधू झाल्यावर किंवा गुडघ्यांनी संप पुकारल्यावर तिथला माणूस घरातल्या घरात अडकून पडतो, हे आमच्या पिढीतल्या अनेकांच्या बाबतीत पाहिले होते. त्यातच स्पेनमध्ये रहिवासी झाल्यावर अमेरिकेचा वाहन परवाना सहा महिनेच चालतो. तो बदलून मिळत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. तेव्हा ज्या सोयीचा आज ना उद्या त्याग करायचाच आहे, तिच्या भरवशावर गाव निवडण्यात अर्थ नव्हता. ऐंशीव्या वर्षी कोणाचे पाय न धरता जिथे जगता येईल असे गाव कोणते, एवढाच खरा प्रश्न होता.

‘पायी फिरण्याजोगे गाव’ असे जाहिरातींत म्हटले जाते तेव्हा बहुधा समुद्रालगतचा फरसबंदी रस्ता अभिप्रेत असतो. सकाळची फेरी मारायला तो छानच असतो, पण फेरी कुठेही मारता येते. आम्हाला कामाचे चालणे हवे होते, म्हणजे भाजी, औषधे, डॉक्टर, टपाल, बँक, न्हावी आणि रेल्वे स्टेशन यांच्यापर्यंतचे. या कसोटीला लावल्यावर सुंदर म्हणून नावाजलेली कितीतरी गावे यादीतून गळाली. पोर्तुगालमधले नाझारे हे त्याचे ठळक उदाहरण. त्याचा एक भाग किनाऱ्यावर आणि दुसरा उंच कड्यावर आहे, दोन्ही जोडणारी दोराने ओढली जाणारी गाडी १८८९ पासून धावते आहे आणि पाहुण्यांना ती फार आवडते. पण रोजच्या कामांसाठी अशा गाडीच्या वेळापत्रकावर विसंबायचे म्हणजे मोटारीचेच परावलंबन दुसऱ्या रूपाने पत्करणे. शिवाय तिथे रेल्वे स्टेशन नाही; जवळचे स्टेशन शेजारच्या गावात आहे. त्याच देशाच्या दक्षिण किनाऱ्यावरील अल्बुफेराचे स्टेशन नावाला त्या गावाचे, प्रत्यक्षात सहाएक किलोमीटर दूर. स्पेनमधल्या नेर्हाला रेल्वे नाहीच आणि गल्ल्या चढउताराच्या.

‘मग कोकणात का नाही?’ असेही विचारले जाते, आणि तो प्रश्न मला अधिक लागतो. कोकण रेल्वे आली, पण तिने गावांना बगल दिली. रत्नागिरीचे स्टेशन गावाबाहेर कुवारबावला, मालवणला जायचे तर कुडाळला उतरून पुढे पंचवीस-तीस किलोमीटर एस.टी. किंवा रिक्षा. डोंगर आणि खाड्या यांतून मार्ग काढणाऱ्या अभियंत्यांचा त्यात दोष नाही. परंतु पायी जगू पाहणाऱ्या वृद्धाला त्यामुळे कोकण अवघड होते, हे कोकणावर कितीही जीव असला तरी मान्य करावे लागते.

कादिझचे वेगळेपण त्याच्या भूगोलात आहे. जमिनीची एक अरुंद पट्टी अटलांटिकमध्ये शिरली आहे आणि तिच्या टोकाशी जुने शहर वसले आहे. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला पुएर्ता दे तिएर्रा ही तटबंदीची वेस. वाढायला जागाच नसल्यामुळे हे शहर पसरले नाही. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेल्या या ठिकाणी आज साधारण १ लाख १० हजार लोक राहतात आणि संख्या घटतेच आहे, कारण तरुणांना काम आणि परवडणारे घर दोन्ही मिळत नाही. जुन्या शहराची लांबी दीड-दोन किलोमीटर. भूमी जवळजवळ सपाट. गल्ल्या इतक्या अरुंद की मोटारवाल्यालाच तिथे संकोच वाटावा. आमच्या घराजवळच्या चौकात बाके आहेत, झाडांची सावली आहे, आणि पुढच्या चौकातही तसेच. हातात काठी असलेल्या माणसाला किती अंतर चालता येईल हे या बाकांवर ठरते. सायंकाळी ती बाके भरलेली असतात, आणि त्यांवर बसलेले बहुतेक येथलेच म्हातारे असतात. स्थानिक लोक ज्या गावात म्हातारे होतात, त्याच गावात परक्यानेही म्हातारे व्हावे, असे माझे मत झाले आहे. केवळ परदेशी निवृत्तांनी भरलेल्या वसाहतींत दुकाने, डॉक्टर, गप्पा सारे काही त्यांच्या मोसमावर चालते आणि हिवाळ्यात अर्ध्या खिडक्या बंद असतात.

मध्यवर्ती मंडई आणि टपाल कचेरी एकमेकांच्या शेजारी आहेत. ताजी मासळी सोमवारी नसते, कारण रविवारी होड्या समुद्रात जात नाहीत; आमच्याकडे सोमवार पाळणाऱ्यांची त्यामुळे आपोआप सोय होते. औषधांची दुकाने हिरव्या क्रुसाच्या खुणेने ओळखू येतात, आणि रात्री कोणत्या दुकानाची पाळी आहे याची यादी प्रत्येक दुकानाच्या दारावर लावलेली असते. मोठे सार्वजनिक रुग्णालय नव्या शहरात आहे, तिथे सरळ एकाच हमरस्त्याने बस जाते. रेल्वे स्टेशन जुन्या शहराच्या अगदी तोंडाशी, बंदरालगत आहे. तिथून सेव्हिलला पावणेदोन तासांच्या आत पोहोचता येते, आणि जवळच्या हेरेस शहराच्या विमानतळापाशीही गाडी थांबते. खाडीपलीकडच्या एल पुएर्तो दे सांता मारियाला प्रवासी बोट अर्ध्या तासात नेते. ऑक्टोबर २०२२ पासून सान फर्नांदो आणि चिक्लाना या शेजारच्या गावांना ट्रामही जोडलेली आहे. मुले भेटायला येतात तेव्हा विमानतळावर भाड्याची मोटार घेऊ का असे विचारतात. आम्ही सांगतो की ती ठेवायला जागा शोधण्यातच तुमची सुट्टी जाईल.

आता जे सोसावे लागते तेही सांगितले पाहिजे. जुन्या शहरातील बऱ्याच इमारती अठराव्या शतकातल्या आहेत. त्यांच्या आतले चौक आणि जहाजे न्याहाळण्यासाठी बांधलेले मनोरे पाहून कोणीही भुलेल, पण लिफ्ट अनेकींत नाही. सपाट गावात तिसऱ्या मजल्यावर लिफ्टविना राहणे म्हणजे घरातच डोंगर बाळगणे. म्हणून घर पाहताना आम्ही पहिला प्रश्न लिफ्टचा विचारला आणि दृश्याचा विचारलाच नाही. लिफ्ट असलेल्या घराचे भाडे जास्त पडते. ते मोटारीचा विमा आणि इंधन वाचल्याच्या खात्यात टाकावे. हिवाळा सौम्य असला तरी घरे थंडीसाठी बांधलेली नाहीत. जानेवारीत बाहेर बारा-तेरा अंश असताना ओलसर खोलीत स्वेटर घालून बसावे लागते. लेवान्ते नावाचा पूर्वेचा कोरडा वारा सुटला की दिवसचे दिवस डोके भणभणते, वाळू खिडकीतून आत येते आणि बोटीच्या फेऱ्या कधी रद्द होतात. प्रवासी जहाजे बंदरात लागतात त्या दिवशी मोठ्या चर्चजवळच्या गल्ल्या टाळाव्या लागतात. आणि स्पॅनिश यावेच लागते. दवाखान्यातल्या खिडकीवर इंग्रजीचा भरवसा धरू नये.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, कारण विचारणारे बहुतेक जण तिथेच घाबरतात. काम न करता राहण्याच्या परवान्यासाठी सध्याच्या हिशोबाने एका माणसाला महिना २,४०० युरो आणि जोडीदारासाठी आणखी ६०० युरो एवढे उत्पन्न किंवा साठा दाखवावा लागतो, आणि खाजगी आरोग्य विमा लागतो. अर्ज आपण जिथे राहतो तिथल्या स्पेनच्या वकिलातीत करायचा. वर्षभर नोंदणीकृत वास्तव्य झाले की सार्वजनिक आरोग्यसेवेत पैसे भरून प्रवेश मिळू शकतो. पासष्टीपुढच्या माणसाला महिना १५७ युरो पडतात आणि औषधे स्वखर्चाने घ्यावी लागतात. वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहिल्यास जगभरच्या उत्पन्नावर येथे कर लागतो, तेव्हा निघण्यापूर्वी दोन्ही देशांचे जाणणाऱ्या करसल्लागाराला फी देण्यात कंजुषी करू नये.

निर्णयापूर्वी एक महिना भाड्याने राहून पाहावे, आणि तो महिना जानेवारी असावा; ऑगस्टमध्ये समुद्रकाठचे कोणतेही गाव आवडते. त्या महिन्यात किनाऱ्यावर जाण्याऐवजी पावसात मंडईची पिशवी घेऊन घरी यावे, रविवारी औषध शोधून पाहावे, शेवटच्या गाडीने परत येऊन स्टेशनपासून चालत जावे. ज्यांना कादिझ फार लहान वाटेल, किंवा ज्यांची मुले वरचेवर विमानाने येणार आहेत, त्यांनी स्पेनच्याच दक्षिण किनाऱ्यावरील मालागा या मोठ्या शहराचा विचार करावा. तिथे विमानतळावरून उपनगरी रेल्वे थेट शहराच्या मध्यात येते, २००७ पासून माद्रिदला वेगवान गाडी आहे आणि जुन्या शहराचा बराच भाग सपाट आहे. भाडे मात्र कादिझपेक्षा जास्त आहे, आणि लिफ्टचा प्रश्न तिथेही आधीच विचारावा.